तोल येईपर्यंत

नकाशाला घडीवर झिजून जिथे भोक पडलंय
नेमके तिथेच आहोत आपण, असं ऑड्री क्लेग म्हणते
आणि त्या भोकातून बोट आरपार घालून हलवते.
आम्ही हसतो. बुधवारचे चौघंच उरलोय आता.
डेन्झिलचा गुडघा मार्चपासून घरी बसलाय
आणि गुडघ्यासोबत डेन्झिल.

वाट भिंतीच्या कडेकडेने चढते.
चुना नाही, माती नाही,
दगड दगडावर रेलून राहिलाय इतकंच.
मध्येच एक फट मुद्दाम ठेवलेली :
माणूस तिरका झाला तर जातो, मेंढी जात नाही.
यंदा मला जरा जास्तच तिरकं व्हावं लागलं.

कागदावर ही वाट सगळ्यांची आहे,
पण पाय विसरले की कागदही विसरतो, म्हणून
ऑड्री वर्षातून एकदा तरी इथून चालते,
खिशात काटेरी फांद्या छाटायची कात्री, गंजलेली.
मेटकाफचं फाटक निळ्या नायलॉन दोरीने बांधलेलं.
ती गाठ सोडते, आम्ही गेलो की पुन्हा मारते.
"होती तश्शी," म्हणते. "त्याला कळू दे
आपण गेलो, आणि राग न धरता गेलो."

वर धुकं. कुठेतरी कर्ल्यू ओरडतोय
किटलीला उकळी फुटावी तसा.
मग ओहोळापलीकडे
आभाळाकडे केलेले चार पाय.
"गेली," मॉरिस म्हणाला आणि टोपी काढायला लागला.
"मेलेली मेंढी कान हलवत नाही," ऑड्री म्हणाली,
तोवर ती पाण्यात उतरलीही होती, बुटांसकट.

भिंतीवर दोन कावळे. त्यांना घाई नव्हती.

"लोकर धर, पाय नको. माझ्याबरोबर. आत्ता."
माझ्या मुठी मनगटापर्यंत आत गेल्या,
वर गार ओलं, आत तेलकट ऊब.
एवढ्याशा जिवाचं एवढं वजन.
ती कुशीवर आली, मग गुडघ्यांवर, मग उभी
आणि लगेच पुन्हा कलली.
ऑड्रीने तिला दोन्ही मांड्यांमध्ये पकडलं.
"लगेच सोडायची नसते. पोटातला वारा सुटू दे,
पायांना जमीन आठवू दे."

वारा सुटला. आम्ही तोंडं फिरवली.
ऑड्री हलली नाही.
"विल्फला असंच धरायचे न्हाणीत," ती म्हणाली
आम्हाला नाही, मेंढीच्या कानांना,
"त्या शेवटच्या हिवाळ्यात.
तो म्हणायचा, सोड, जमतंय मला.
मी म्हणायचे, हो हो,
आणि सोडायचे नाही."

मॉरिसच्या हातात टोपी अजून तशीच.

चारचाकी मोटरसायकल घरघरत आली. मेटकाफ.
इंजिन बंद करून तो बसून राहिला,
बघत, दाढ खाजवत.
"माझी नाहीये ती," शेवटी म्हणाला.
"पाठीवर लाल पट्टा म्हणजे पलीकडच्या बार्कोची."
आणि जरा वेळाने :
"फाटकाची गाठ दर वर्षी उलटी मारणाऱ्या
तुम्हीच का?"

ऑड्रीचा चेहरा मी इतका लाल कधी पाहिला नव्हता.

मेंढी सात पावलं गेली, मुतली,
आणि काही झालंच नाही अशी चरायला लागली.
माथ्यापर्यंत आम्ही गेलो नाही.
भिंतीआड बसून अंड्याची सँडविच खाल्ली,
ऑड्रीचे मोजे दगडावर पिळून टाकलेले,
हाताचा वास साबणाने जाईल की नाही यावर चर्चा.

उतरताना फाटकापाशी मेटकाफ उभा होता.
दोरी असे दोन वेढे, मग खालून, मग ओढ.
ऑड्रीने केलं. सुटलं.
पुन्हा केलं. सुटलं.
तो काही बोलला नाही, हातही पुढे केला नाही.
बस सव्वाचारची, पुढची थेट सहाला.
मॉरिसने घड्याळ बघितलं आणि बाही खाली ओढली.

आम्ही थांबलो.